रिकाम्या बाजारातला लाकडी बैल

मित्रांनो, सुरुवातीलाच एक गैरसमज दूर करतो. मला पंख नाहीत. कधीच नव्हते. तुमच्यापैकी कोणी अकोल्याच्या एका मंगल कार्यालयात 'सपनपूर' नावाचा सिनेमा पाहिला असेल, तर त्यात सोनेरी पंख लावून ढगांतून उडणारा बैल तुम्हाला आठवत असेल. तो मीच होतो, हे मान्य करतो. पण ते पंख थर्माकोलचे होते आणि चिकटवताना मला कोणी विचारलं नव्हतं. मी तान्ह्या पोळ्याचा एक जुना लाकडी बैल आहे. चाकं चार, शिंग एक. दुसऱ्या शिंगाची हकिकत पुढे येईलच.

आमच्या वऱ्हाडात पोळ्याला खऱ्या बैलांचा मान असतो आणि दुसऱ्या दिवशी आमचा. त्या दिवशी लहान मुलं आपापले लाकडी बैल सजवून, दोरीने ओढत चौकात आणतात. कोणाचा बैल देखणा, यावर नंबर काढतात. मग घरोघरी आमचं औक्षण होतं आणि पोरांच्या हातावर बोजारा पडतो, म्हणजे खाऊ नाहीतर चार नाणी. वर्षातून एक दिवस आमचा असतो. उरलेल्या दिवसांत आम्ही माळ्यावर नाहीतर खाटेखाली असतो, आणि त्याबद्दल माझी तक्रारही नाही.

माझा जन्म नांदगाव खंडेश्वरच्या अलीकडे एका लहानशा गावात, खुशालराव सुतारांच्या अंगणात झाला. तिथे एक मोडकी बंडी, म्हणजे बैलगाडी, पडली होती. जन्मभर बैलांच्या मागे धावलेल्या त्या बाभळीच्या लाकडाचा खुशालरावांनी बैल केला. वशिंड उंच ठेवलं, पाय जाड ठेवले आणि डोळ्यांच्या जागी काळ्या गोट्या बसवल्या. 'पाह्यते कसा!' असं ते स्वतःच म्हणाले, तेव्हापासून मी पाहतोच आहे.

मी आलो भगवंतसाठी. तेव्हा तो सात वर्षांचा होता. त्याच्या घरी भाजीपाला आणि झेंडूची शेती. माझ्या गळ्यात झेंडूचे हार कधी कमी पडले नाहीत. सलग तीन वर्षं पहिला नंबर माझा आला. लोक मुद्दाम वाकून माझं वशिंड पाहत आणि खुशालरावांचं नाव घेत. कौतुक कोणाला आवडत नाही? मला तर फार आवडायचं, खोटं कशाला बोलू.

पुढे भगवंत मोठा झाला, त्याचं लग्न झालं, आणि त्याची मुलगी प्रतीक्षा सहा वर्षांची झाली तेव्हा माझी दोरी तिच्या हातात आली. पहिल्याच पोळ्याला ती मला घेऊन देवळाच्या उतारावरून धावत सुटली. मी उलटलो आणि डावं शिंग मुळापासून तुटलं. घरच्यांनी तिला चकचकीत नवा बैल आणून दिला. तो तिने चौकात नेला, पण घरी आल्यावर उशाशी मलाच घेऊन झोपली. काही वर्षांनी माझी रवानगी टिनाच्या शेडमध्ये झाली. तिथे ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी, कांद्याच्या जाळ्या आणि एक कोंबडी होती. ती कोंबडी माझ्या पाठीवर बसायची आणि नको ते करायची. त्या वर्षांबद्दल मी जास्त बोलणार नाही.

प्रतीक्षा दहावीत गेली आणि अभ्यासाला शांत जागा हवी म्हणून शेडमध्ये येऊन बसू लागली. त्याच उन्हाळ्यात तिला एक स्वप्न पडू लागलं. एकदा नव्हे, सारखं तेच. तिने ते वहीत लिहिलं, त्याची चित्रं काढली, पण सांगितलं कोणालाच नाही. मग लग्नसराई संपवून शेखरमामा आले. शेखरमामा म्हणजे तिच्या आईचे भाऊ. अकोल्याला त्यांचा स्टुडिओ आहे आणि बावीस वर्षं ते लग्नाची शूटिंग करतात. मामांना वही सापडली आणि प्रतीक्षाला सांगणं भाग पडलं.

"बाजार भरेल हाय, मामा," ती म्हणाली. "आपलाच, मंगळवारचा. वांगे हायेत, टमाटे हायेत, तराजू हालून राहिले. पण माणूस एकबी नाई. आवाज बी नाई. मंग हा बैल येते. एकटा. याले कोणी ओढून नाई राहिलं. मी याच्या मांगं मांगं चालते. बाजार संपते तथी हा थांबते, अन् मांगं पाह्यते."

"अन् मंग?"

"मंग काई नाई. मले जाग येते."

"भेव वाटते का तुले?"

प्रतीक्षाने जरा विचार केला. "नाई. कोणीच नसते, तरी एकटं नाई वाटत. बरं वाटते."

मामांचे डोळे पाणावले. कोंबडीच्या घाणीने भरलेला, एका शिंगाचा मी कोणाच्या तरी स्वप्नात रोज चालत होतो, हे ऐकून माझीही छाती भरून आली. मामा म्हणाले, "पोरी, याचा पिच्चर काढू आपण. बावीस वर्सं दुसऱ्याचे लगन काढले. हा आपला." प्रतीक्षा उठून उभीच राहिली. इतकं आनंदलेलं मी तिला तोवर पाहिलं नव्हतं.

आता शेखरमामांबद्दल सांगतो. माणूस सोन्यासारखा. पण लग्नाच्या शूटिंगचा पहिला नियम त्यांच्या हाडीमाशी भिनलेला: कोणी सुटता कामा नये. ज्याचा चेहरा शूटिंगमध्ये आला नाही, तो पाहुणा वर्षभर बोलत नाही. म्हणून मामांचा कॅमेरा जेवणाच्या प्रत्येक पंगतीवरून फिरतो, झोपलेल्या आजोबांवरूनही फिरतो. नाही म्हणणं हा प्रकार त्यांच्या धंद्यात नाही, आणि स्वभावात तर त्याहून नाही.

शूटिंगच्या पहिल्याच दिवशी गावात बातमी पसरली, की भगवंतचा तुटक्या शिंगाचा नंदी पिच्चरमध्ये आहे. झालं. पंजाबराव आपल्या नातवाचा बैल बगलेत मारून हजर. "काहून शेखरभाऊ, आमचा नंदी का लंगडा हाय?" मामांनी तो घेतला. एकाचा घेतला म्हणून दुसऱ्याचा घ्यावा लागला. संध्याकाळपर्यंत आम्ही बारा झालो, आणि मंगळवार उजाडला तेव्हा बासष्ट.

माणसांचंही तेच. रिकामा बाजार दाखवायचा होता, पण सरपंच टरबुजांशेजारी खुर्ची टाकून बसले. लेझीमचं पथक आलं. इंदूबाई आल्या, नवं पातळ नेसून. इंदूबाईंचं दुकान बाजाराच्या मधोमध आहे आणि तीस वर्षांत त्यांनी वांग्याच्या भावावरून कोणाला जिंकू दिलेलं नाही. त्यांना बाजूला व्हा म्हणण्याची मामांची हिंमत झाली नाही.

"मामा, बाजारात कोणीच नाई ना," प्रतीक्षाने तीन वेळा आठवण करून दिली.

"अवं, थोडेसेच तं हायेत. मांगं मांगं दिसतीन," मामा म्हणाले, आणि त्यांनी ड्रोन उडवला.

स्वप्नातला बैल भपकेदार हवा, असं कोणीतरी सुचवलं. मग मला सोनेरी रंग फासला. तुटक्या शिंगाच्या जागी थर्माकोलचं शिंग बसवलं आणि पाठीवर पंख. पुढचं सगळं कॉम्प्युटरवर झालं. लग्नाच्या व्हिडिओत नवरानवरीवर जशा पाकळ्या पडतात, तशा बासष्ट बैलांवर पडल्या. प्रतीक्षाचा चेहरा बदामाच्या आकारात येऊन फिरला. आणि मी मागे पाहतो ती जागा! खुशालरावांनी माझी मान एका अखंड लाकडातून काढली आहे. ती वळत नाही. कॉम्प्युटरने ती ताणून वळवली.

दिवाळीच्या सुटीत अकोल्याच्या मंगल कार्यालयात सिनेमा लागला. गावातून दोन गाड्या भरून माणसं गेली. मला पंखांसकट दारात उभं केलं होतं, लोकांना फोटो काढायला. तिथून पडदा सरळ दिसत होता. सिनेमा एक तास पन्नास मिनिटांचा होता. पहिली वीस मिनिटं टाळ्याच टाळ्या, कारण ज्याचा चेहरा यायचा तो टाळ्या वाजवायचा. सगळ्यांचे चेहरे येऊन गेल्यावर लोक आपसात बोलायला लागले. मुलं खुर्च्यांखालून पळू लागली. मध्यंतरानंतर निम्मे जेवणाच्या हॉलमध्ये होते. मग मी पडद्यावर रबरासारखी मान वळवली आणि सगळा हॉल हसला. तो क्षण हसण्याचा नव्हता, मित्रांनो. त्या एका क्षणासाठी तर तो सिनेमा होता.

बाहेर पडताना इंदूबाई मामांसमोर थांबल्या. "शेखर, सारे दिसले बाप्पा. मी दिसली, माहे वांगे दिसले, सरपंच दिसला. पोरीचं सपन कुठी होतं?"

पुढे सिनेमा यूट्यूबवर टाकला, तर खाली एकाने विचारलं होतं, लग्न कोणाचं होतं.

शाळेत प्रतीक्षाला 'सपनपूर' म्हणून चिडवू लागले. ते तिने सोसलं. पण न सोसणारी गोष्ट वेगळीच होती. एका सकाळी भगवंत शेडमधून नळ्या काढत होता आणि ती माझ्याशेजारी नुसती बसली होती.

"बाबा, मले माहं सपन आता दिसतच नाई," ती म्हणाली. "डोये मिटले का बासष्ट बैलं दिसते. सोनेरी. माहा बाजार गेला."

"मंग दुसरं पाह्य," भगवंत म्हणाला. त्याने ते प्रेमानेच म्हटलं होतं.

"सपन का भाजी हाय, बाबा? हे नाई तं ते?"

भगवंतने हातातली नळी खाली ठेवली. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं. तिची वही उघडी होती. चित्र होतं, लिहिलेलं होतं, पण त्याकडे पाहून तिला काही आठवत नव्हतं. चांगल्या मनाच्या माणसांनी मिळून, हौसेने, एका मुलीचं स्वप्न बुजवून टाकलं होतं. आणि त्या बुजवणाऱ्यांत सगळ्यात पुढे, पंख पसरून, मी उभा होतो.

दोन दिवसांनी ती पॉलिशपेपर घेऊन आली. आधी पंख उपटले. मग थर्माकोलचं शिंग काढलं. मग सोनेरी रंग खरवडायला बसली. आठ दिवस ती रोज शाळेतून आल्यावर तासभर मला घासायची. बोलायची नाही, फक्त घासायची. बोटांची कातडी गेली तेव्हा चिंधी गुंडाळून घासलं. नवव्या दिवशी खालची जुनी बाभूळ वर आली, काळपट, भेगाळलेली. प्रतीक्षा मागे सरकली, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "आता पुन्हा काढतो आपण. जसं होतं तसं." त्या दिवसापासून मीही मनाशी ठरवलं, की ही पोरगी जिथे नेईल तिथे जायचं, चाकं निखळली तरी चालेल.

पहिली अडचण मानेची होती. ती मला दोरीने ओढत खुशालरावांकडे घेऊन गेली. ते आता ऐंशीच्या पुढे आहेत, नजर अधू झाली आहे. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि लगेच ओळखलं. मान फिरती करून द्या, असं प्रतीक्षाने म्हणताच ते रागावले.

"मान काप म्हणतं का त्याची? मान नाई फिरत. बैल फिरव."

"म्हंजे, आबा?"

"जुवात जुपलेला बैल मांगं कसा पाह्यते? मान नाई फिरवत तो, सारं आंग फिरवते. तू बंडीतला बैल कवाच पायला नाई का?"

प्रतीक्षाने खरंच पाहिला नव्हता. तिच्या जन्माआधीच गावात ट्रॅक्टर आले होते. खुशालरावांनी मग माझी पुढची दोन चाकं ढिली केली, एका बाजूला कडी ठोकली आणि दोन दोऱ्या कशा बांधायच्या ते दाखवलं. एक पुढे ओढायला आणि एक वळवायला.

मामांना फोन केला तेव्हा ते आधी खूश झाले. म्हणाले, दुसरा भाग काढू, या वेळी मोठ्ठा काढू. प्रतीक्षा म्हणाली, "नाई मामा. तुमचं काई चुकलं म्हणून नाई सांगून राहिली. पण या टायमाले मी सांगन तसंच. अन् कोणी आलं, तं तुमी नाई म्हणाचं." पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला. महिनाभर मामा बोलले नाहीत. सिनेमात सगळ्यांना घेतलं तरी शेवटी रुसले ते मामाच.

त्या महिन्यात ती दर मंगळवारी मला बाजारात न्यायची आणि एकेका दुकानापुढे थांबायची. तिला एवढंच हवं होतं: माल मांडून ठेवायचा, तराजू टांगून ठेवायचा आणि दहा मिनिटं सगळ्यांनी शाळेच्या भिंतीमागे जाऊन उभं राहायचं. दिसायचं नाही, बोलायचं नाही. पहिल्या वेळी ज्यांनी हट्टाने चेहरा दाखवला, त्यांनाच ती आता लपा म्हणत होती. पंजाबराव म्हणाले, "अन् गिऱ्हाईक?" कोणी म्हणालं, "एका डावात हौस नाई फिटली का वं?" ती ऐकून घ्यायची आणि पुढच्या मंगळवारी पुन्हा तिथेच उभी राहायची. खरं सांगतो, मला लाज वाटायची. तिला वाटत नव्हती.

सगळ्यांचं लक्ष इंदूबाईंकडे होतं. त्या हलल्या असत्या तर बाजार हलला असता.

"धंदा टाकून मी भिंतीमांगं उभी राहू? काहून?" चौथ्या मंगळवारी त्या कडाडल्या.

"मावशी, तुमीच म्हटलं ना, पोरीचं सपन कुठी होतं म्हून?"

"म्हटलं."

"तं ते दाखवतो."

इंदूबाईंनी शेजारच्या पातेल्यातलं पाणी वांग्यांवर शिंपडलं. मग विचारलं, "त्या सपनात माहं दुकान हाय का?"

"हाय ना. मधोमध. वांगे हायेत, तुमची पिवळी छत्री हाय, पाण्याचा गंज हाय. तराजू हालून राहिला."

"अन् मी?"

"तुमी नाई."

"कुठी गेली मंग मी?"

"मले नाई मालूम, मावशी. आताच उठून गेल्यावानी वाटते. तराजू हालूनच राहिला असते."

इंदूबाईंचा हात थांबला. त्यांनी आपल्याच दुकानाकडे पाहिलं, जणू पहिल्यांदा पाहत आहेत. "मी मेल्यावर असंच दिसन, नाई?" त्या म्हणाल्या. प्रतीक्षा घाबरली, नाही नाही म्हणू लागली. इंदूबाई हसल्या. "भेवू नोको वं. तीस वर्सं झाले, बसून राहिली अथी. समोरून कवा पायलंच नाई. पाहू दे मले एक डाव." आणि तिथल्या तिथे त्यांनी सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "येत्या मंगळवारी बारा वाजता सारे भिंतीमांगं! जो दिसन त्याची माह्याशी गाठ हाय!"

तो मंगळवार जानेवारीतला होता. सकाळीच शेखरमामा दारात उभे. ड्रोन नाही, लाइट नाहीत, हातात नुसती पिशवी. "मी काय करू?" त्यांनी विचारलं. प्रतीक्षाने त्यांच्या हातात दोन्ही दोऱ्या दिल्या. "बाजार संपते तथी, भाजीच्या गाड्याखाली झोपा अन् ओढा. हळू."

बाराला पाच कमी असताना माणसं उठू लागली. एकामागोमाग एक सगळा बाजार शाळेच्या भिंतीमागे गेला. एकदोघं अनोळखी गिऱ्हाइकं आली, त्यांना पंजाबरावांनी हाताला धरून भिंतीमागे नेलं. सर्वांत शेवटी इंदूबाई उठल्या. जाताना त्यांनी तराजूच्या पारड्याला बोटाने एक टिचकी मारली.

प्रतीक्षाने मोबाइल एका ओट्यावर घट्ट बांधला होता. तिने बटण दाबलं, धावत जाऊन आपल्या जागी उभी राहिली आणि मान हलवली. गाड्याखालून मामांनी दोरी ओढली. मी चालू लागलो.

मित्रांनो, मी तीन वेळा पहिला आलो आहे. पण असा चाललो नव्हतो. दोन्ही बाजूंना टमाट्यांचे ढीग, मेथीच्या जुड्या, बोरं, हरभऱ्याचे डहाळे आणि माणूस एकही नाही. फक्त माझी चाकं करकरत होती आणि मागे तिची पावलं. त्याच भिंतीमागे दोनशे माणसं श्वास रोखून उभी होती आणि त्यांचा एक खोकलाही येत नव्हता. मी जीव ओतून सरळ चालत होतो. वाटेत खडा होता, चाक अडलं. मामांनी ओढ वाढवली नाही, थांबले, पुन्हा हळूच ओढलं, आणि मी तो पार केला.

तेवढ्यात कुठून तरी एक बकरी आली. ती थेट इंदूबाईंच्या दुकानामागे शिरली आणि तिथली मेथी खाऊ लागली. मला ती कडेने दिसत होती. भिंतीच्या फटीतून इंदूबाईंनाही दिसत होती. गावातल्या कुठल्याही बकरीने आजवर इंदूबाईंची जुडी खाऊन पाठ सांभाळली नव्हती. आता त्या ओरडणार, आणि सगळं संपणार, असं मला वाटलं. बकरीने एक जुडी संपवली. दुसरी घेतली. भिंतीमागून आवाज आला नाही. नंतर समजलं, की इंदूबाईंनी पदराचा बोळा तोंडात कोंबला होता आणि पंजाबरावांचा दंड इतका घट्ट धरला होता की वळ उठले.

बाजार संपतो तिथे मी थांबलो. मग दुसरी दोरी ताणली गेली. माझं सगळं अंग हळूहळू वळलं, आणि मी मागे पाहिलं. समोर प्रतीक्षा होती. तिच्या मागे सगळा रिकामा बाजार. तराजू अजून किंचित हलत होता.

"झालं!" ती ओरडली, आणि भिंतीमागून दोनशे माणसांनी एकदम श्वास सोडला. इंदूबाई काठी घेऊन बकरीमागे धावल्या. परत येऊन पहिला प्रश्न त्यांनी विचारला, "पिच्चरमंदी आली का ते बकरी?"

"नाई, मावशी. ते दुकानाच्या मांगं होती."

"मंग फुकट गेली ना माही मेथी!"

सिनेमा चार मिनिटांचा झाला. शाळेच्या वर्गात, खिडक्यांना चादरी लावून दाखवला. गाणं नाही, पाकळ्या नाहीत, कोणाचा चेहरा नाही. तरी एकही माणूस बोलला नाही. जो तो आपलं दुकान शोधत होता आणि तिथे आपण नाही हे पाहत होता. मी मागे वळलो तेव्हा कोणी हसलं नाही. दिवे लागल्यावर इंदूबाई उठून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "माह्याबिगर बाजार भकास दिसते बाप्पा." आणि पदराने डोळे पुसून, "पुढच्या मंगळवारपासून वांगे दोन रुपये महाग," असंही म्हणाल्या.

मित्रांनो, मी लाकडाचा आहे, शहाणपण सांगण्याचा माझा अधिकार किती, ते मला माहीत आहे. पण बासष्टांतला एक आणि एकटा असा दोन्ही होऊन आलो आहे, म्हणून सांगतो. तुमच्या घरात माझ्यासारखं एखादं जुनं खेळणं असेल, तर ते झटकून, पुसून ठेवा. त्याला नवा रंग फासायची घाई करू नका. आणि कोणी विश्वासाने तुम्हाला आपलं स्वप्न सांगायला बसलं, तर तेही तसंच जपा. त्यात आपल्याला कुठे उभं राहता येईल ते शोधू नका. तुम्ही नसलात तरी चालेल, अशा काही जागा असतात. तिथे भिंतीमागे उभं राहणं, हीसुद्धा मदतच असते. आणि ज्याचं स्वप्न आहे त्याने, ते एकदा बुजलं म्हणून रडत बसू नये. पॉलिशपेपर घ्यावा आणि घासायला लागावं.

सिनेमा दाखवल्याच्या दुसऱ्या दिवशी मामा अकोल्याला निघाले होते. गाडीला वेळ होता. अंगणात मला उन्हात ठेवलं होतं. मामा घुटमळले आणि त्यांनी विचारलं, "पोरी, आता डोये मिट बरं. काय दिसते?"

प्रतीक्षाने डोळे मिटले. मामा तिच्या चेहऱ्याकडे पाहत उभे राहिले. बावीस वर्षांत त्यांनी इतका वेळ कोणाच्या उत्तराची वाट पाहिली नसेल. मलाही धीर धरवत नव्हता.

"बाजार दिसते," ती डोळे न उघडता म्हणाली. "रिकामा."

"अन् बैल?"

"एकच हाय, मामा."

मामांनी मान डोलावली. पिशवी खाली ठेवली, तिच्या आईकडून वाटीत थोडं तेल मागून घेतलं, आणि जमिनीवर बसून माझ्या चाकांत थेंब थेंब सोडू लागले.